पुढील चेष्टा

बदली होऊन कोलकात्याला आले, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेतल्या माझ्या टेबलावर एक पत्रक येऊन पडलं. कुणीतरी हाताने लिहून त्याच्या प्रती काढल्या होत्या. वर 'इतिहास मंडळ' एवढंच नाव आणि खाली दोन मथळे, दोन्हींखाली पट्टीने आखलेली दुहेरी रेघ. पहिला मथळा 'गेल्या तीन महिन्यांतील चेष्टा'. दुसरा 'पुढील चेष्टा'.

मी नाशिकची. मराठी घेऊन बी. ए. झालेली, आणि लग्नपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर त्या लग्नाला तोंड वाकडं करून जाणारी. परक्या गावात तीन आठवडे हिंदीत हसून हसून माझे गाल दुखत होते. ते पत्रक वाचलं आणि केबिनमध्ये एकटीच मराठीत खदखदून हसले. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे बाहेरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मला मागाहून सांगितलं. पण तोवर उशीर झाला होता. चार-सहा म्हातारे जमतात आणि पुढच्या तीन महिन्यांत कुणाकुणाची चेष्टा करायची ते ठरवतात, असं त्या मंडळाचं चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

चार दिवसांनी पत्रक लिहिणारे गृहस्थ स्वतःच आले. किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात लाकडी मुठीची लांब काळी छत्री. डिसेंबर महिना, आभाळ स्वच्छ, तरी छत्री.

"पत्रक मिळाला?" त्यांनी विचारलं.

"मिळालं," मी 'लं'वर जोर देत म्हटलं.

"वा. मग या. पाणी खायला मिळेल का?"

मला राहवलं नाही. "मिळेल की. चावून खाणार की गिळून?"

ते रागावले नाहीत. छत्री टेबलाला टेकवली, थोडा विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडे पाणी खातात. चहा पण खातात."

हे 'आमच्याकडे' म्हणजे भवानीपूरच्या एका गल्लीतल्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. एवढाच त्यांचा महाराष्ट्र. पणजोबा वाईहून रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. ह्यांनी उभा जन्म एका बंगाली शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर इतिहास मंडळ काढलं. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला घरात 'बाई' म्हणत आणि रस्त्यात 'दिदी'. कारण विचारल्यावर खूप संकोचून म्हणाले, "बंगालीत बाईजी म्हणजे नाचगाणं करणारी. रस्त्यात कोणी ऐकला तर?"

त्यांच्याबरोबरच्या पहिल्या फेरीतच मला त्या पाण्याचं रहस्य कळलं. मंडळ जुन्या वस्त्यांतून पायी हिंडायचं, त्यातली ही फेरी बागबाजारची होती. आम्ही नऊ जण होतो, त्यात मराठी चारच, बाकी आजूबाजूचे हौशी बंगाली. एका रहदारीच्या रस्त्यावर सर थांबले आणि छत्रीने डांबर ठोकत म्हणाले, "इथून खंदक चालू. मराठे येतील म्हणून खणला. मराठे आले नाहीत, मग बुजवला. आता आम्ही आलो तर दाखवायला काही नाही." बंगाली मंडळी मनापासून हसली. मला वाटलं आता पुढे भाषण होणार, पण सर खंदक सोडून समोरच्या गल्लीत शिरले आणि एका अनोळखी घराची कडी वाजवून त्यांनी पाणी मागितलं.

पाणी मागितलं की कोलकात्यातलं घर तुम्हाला दारात उभं ठेवत नाही. आत बसवतं, पाण्याबरोबर काहीतरी गोड पुढे करतं. आत बसलं की भिंतीवरचे फोटो दिसतात. फोटोतले कोण असं विचारलं की घरातली म्हातारी माणसं खुर्ची ओढून बसतात. हे सरांचं संशोधन. एका फेरीत ते आठ-दहा घरांत पाणी खात. मग साहजिकच त्यांना मोरीकडे जावं लागे, आणि जुन्या घरांत मोरी मागच्या अंगाला असल्यामुळे घराची मागची बाजूही पाहून होई. "पुढून सगळे घर सारखे," ते म्हणत. "घराचा इतिहास मागे असतो." त्यांचं लिंगवचन ऐकून माझे कान टवकारत, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

मोजमाप छत्रीने. अमुक देवडी साडेचार छत्र्या, तमुक जिना दोन छत्र्या रुंद. एका घरात मी मदत म्हणून भिंतीची उंची सरळ धरून अंदाजाने सांगितली, तर त्यांनी मला थांबवलं. "बाई, भिंत वाकडा आहे. वाकडा आहे तर वाकडा मोजायचा. आहे तसा मोजायचा. सरळ करून मोजला तर तो दुसऱ्या घराचा भिंत झाला."

"भिंत 'ती' असते सर," मी म्हटलं.

"हो का?" असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी सुखावले. मला वाटलं, सुधारतायत.

मंडळाच्या सभा सरांच्या बाहेरच्या खोलीत, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दहाच्या ठोक्याला. कुणी आलेलं असो वा नसो. एकदा मी पंधरा मिनिटं उशिरा पोचले, तर सर एकटेच उभे राहून मागच्या सभेचा वृत्तान्त चार रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवत होते. मी बसले, त्यांनी मान हलवून मला हजर धरलं आणि आहे त्या वाक्यावरून पुढे वाचत राहिले.

सभेला किमान चार माणसं हवीत असा नियम त्यांनीच केला होता. सर, मी आणि घोषबाबू हे तिघं ठरलेले. घोषबाबू शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, मराठीचा एक शब्द येत नसताना मराठी सभेला नेमाने बसणारे. चौथं माणूस आलं नाही की सर आतल्या खोलीच्या दाराचा पडदा बाजूला सारत. आत पलंगावर त्यांची थोरली बहीण, माई, वाटाणे सोलत नाही तर वाती वळत बसलेली असे. नव्वदीला टेकलेली, कानाने कमी, पण आवाज खणखणीत.

"माई, सभा चालू करतो!"

"कर बापडा!"

की सर वृत्तान्तात लिहीत : 'माई आतून हजर.' अशा कितीतरी सभा माईच्या हजेरीवर पार पडल्या आहेत.

पत्रकाची भाषा तपासायचं काम माझ्याकडे कसं आलं ते मला आठवत नाही. बहुतेक मीच ओढवून घेतलं असणार. सर मसुदा आणून देत आणि मी लाल शाई घेऊन बसे. बंगालीत आदर म्हणजे लाड, माया. अभिमान म्हणजे आपल्या माणसावरचा रुसवा. आणि मन खराब होणं म्हणजे वाईट वाटणं. त्यामुळे सरांच्या पत्रकात 'एका सभासदाचं मन खराब असल्यामुळे ते आले नाहीत' असली वाक्यं यायची आणि मी ती वाचून पेन खाली ठेवून हसायची. शिवाय काल आणि उद्या. हिंदीत आणि बंगालीत दोन्हींना एकच शब्द, तोच त्यांच्या मराठीत घुसला होता. एका शनिवारी मला म्हणाले, "काल सकाळी नऊला या, हावड्याला जायचं." मी गेले नाही. सोमवारी कळलं की बिचारे धक्क्यावर माझ्यासाठी दोन बोटी सोडून थांबले होते.

लाल शाईच्या सगळ्या खुणा ते मान्य करत, आभार मानत. फक्त मथळ्याला हात लावू देत नसत. मी चेष्टा खोडून 'उपक्रम' लिहायची, प्रती निघताना पुन्हा चेष्टा.

"सर, लोक हसतात हो."

"हसू द्या. ते राहू द्या."

"पण का?"

"आमच्याकडे असंच म्हणतात," ते म्हणत आणि पिशवी उचलत. त्यांच्या मऊ स्वभावात हा एकच खडा होता, आणि तो नेमका माझ्या दाताखाली यायचा.

त्यांचे पुढचे बेत मात्र झकास असत. बराकपूरला नदीकाठाने चालत जाणे, 'चप्पल जाड घालणे'. हावड्याच्या एका लेथच्या कारखान्यात भिंतीवर कुणी मराठी मिस्त्री मराठीत आकडे लिहून गेला आहे असं ऐकतो, ते अजून आहेत का पाहणे. घरोघरच्या जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने नावं लिहून घेणे. आणि चौथ्या क्रमांकावर, दर पत्रकात न चुकता, दोन शब्द : 'घरातले शब्द'. दर वेळी कंसात 'चालू आहे'. हे काय आहे असं मी एकदाही विचारलं नाही. मी मथळ्यावर हसण्यात गर्क होते.

दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी करमणुकीचा कार्यक्रम ठेवला आणि माझ्याकडे काहीतरी विनोदी वाचन मागितलं. बदलून आलेले बँकेचे, विम्याचे, सरकारी अधिकारी, त्यांच्या बायका, हजार मैलांवरूनही शुद्ध मराठी ओळखणारे कान. मी सरांची तीन-चार पत्रकं एकत्र केली, थोडा मीठमसाला घातला आणि निवेदिकेच्या गंभीर आवाजात वाचली. "गेल्या वर्षात मंडळाने पुष्कळ चेष्टा केल्या. सभासदांनीही मनापासून चेष्टा केल्या. तरी लोकांकडून हवा तितका आदर झाला नाही, म्हणून काहींचं मन खराब आहे. पुढील वर्षी अधिक जोमाने चेष्टा करण्याचा संकल्प आहे."

सभागृह कोसळलं. एक बाई तर हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. नाव मी घेतलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. तिसऱ्या रांगेत सर बसले होते, शेजारी इस्त्रीचं लुगडं नेसलेली माई. माईला ऐकू आलं नसावं. सर हसत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि सुटल्यासारखं वाटलं, की चला, मनावर घेतलं नाही. नंतर प्रसाद घेताना जवळ येऊन म्हणाले, "छान वाचलात. आवाज लांब पोचतो."

पुढलं पत्रक इंग्रजीत आलं. टाइप केलेलं, एकही चूक नाही. सरांचं इंग्रजी उत्तम होतं हे मला तेव्हा कळलं. मला तपासायला काही उरलं नव्हतं. बराकपूर होतं, हावडा होतं, फोटो होते. चौथा क्रमांक नव्हता. तीनावर यादी संपत होती.

त्यानंतरचंही इंग्रजीत. माझ्या मनात काहीतरी डाचत होतं, पण मीही सहजासहजी नमणारी बाई नाही. मी स्वतःला सांगितलं, सरांना सोयीचं वाटत असेल. बंगाली सभासद वाढलेत.

मग एक दिवस घोषबाबू पेन्शनच्या कामाला बँकेत आले आणि काम झाल्यावर खुर्चीतून उठेनात. चष्मा पुसत म्हणाले, "दिदी, सर ने तो खाता ही बंद कर दिया."

मी सरळ संगणकाकडे वळले. "कौन-सी ब्रांच का?"

"ब्रांच?"

"बचत खाता ना? क्यों बंद किया? कोई शिकायत है?"

घोषबाबूंनी कपाळावर हात मारला. "अरे वो खाता नहीं! लिखने का खाता! दिदी, माई का खाता!"

बंगालीत खाता म्हणजे वही. मला बँकेत बसून बँकेतलंच खातं दिसणार. मी ओशाळले आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आणखीच. चौथ्या क्रमांकावरचं 'घरातले शब्द' म्हणजे ती वही. त्या तीन खोल्यांत चार पिढ्या जी मराठी बोलली गेली, तिच्यातला एकेक शब्द माईला विचारून सर लिहून घेत होते. त्या मराठीत आता बोलणारी दोनच माणसं उरली होती आणि त्यातलं एक नव्वदीला टेकलेलं. कधीतरी त्यांना ती छापायची होती, मंडळाचं पहिलं पुस्तक म्हणून. गणपतीनंतर त्यांनी वही कपाटात टाकली. घोषबाबूंनी विचारलं तर म्हणाले, सगळं चुकीचं मराठी आहे, चुकांचं पुस्तक कोण छापतं. आणि घोषबाबू पुढे म्हणाले, हे गेल्या पाच महिन्यांपासून असंच आहे, आणि माई हल्ली कधीकधी नावं विसरते.

मला लाज वाटली. साधी, सरळ लाज, मान वर करू न देणारी. त्यांनी 'भिंत'पुढे वहीत काय लिहून घेतलं होतं तेही तेव्हा उमगलं. ते सुधारत नव्हते. दोन्हीकडचे फरक टिपून ठेवत होते.

त्याच रविवारी मी भवानीपूरला गेले. सभेचा दिवस नव्हता. सरांनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले, या म्हणाले नाहीत. मी तोंड उघडलं ते पाठ केलेलं सगळं विसरून गेले होते.

"सर," मी म्हटलं, "पाणी खायला मिळेल का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डोळ्यांच्या कडेला एक सुरकुती हलली. "या. आमच्याकडे प्यायला पण मिळतं."

मी बसले. ग्लास आला, बरोबर वाटीत संदेश, छेन्याची मिठाई. पाणी पिऊन झाल्यावरही मी उठले नाही, ते पाहून म्हणाले, "आता फोटो बघायचे की मोरी?"

"वही बघायची आहे."

त्यांनी रिकामा ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुमचा काही चुकला नाही, बाई. मी एकदाच तिकडे गेलो, वाईला, आठ दिवस. रिक्षावाला, भाजीवाली, देवळातला गुरव, सगळ्यांनी विचारला, तुम्ही बंगाली ना? इथे सत्तर वर्षं झाला, रोज कोणीतरी विचारतो, आपण मराठी ना? मग मी विचार केला, निदान आमच्या घरात जे बोलतात ते तरी आमचा असेल. त्याची एक वही असू द्यावी. त्या दिवशी सगळे हसले तेव्हा समजला, तो पण नाही."

माझे डोळे भरून आले. रडणं मला जमत नाही, मी भांडायला लागते. "सर, भिंत वाकडा असला तर कसा मोजायचा?"

त्यांनी मान वर केली.

"सांगा ना. सरळ करून मोजायचा का?"

"आहे तसा," ते हळूच म्हणाले.

"मग? वही काढा."

आतून माईचा आवाज आला, "कोण आलंय रे? चहा खाऊन जायला सांग!" आणि आम्ही दोघंही एकदम हसलो.

मला वाटतं, नोकरीतल्या माझ्या सगळ्या बदल्यांत मी कुठे खऱ्या अर्थाने राहिले असेन तर पुढच्या दीड वर्षातल्या त्या रविवारांत. माई पलंगावर, मी खाली पाटावर, सर दाराशी छत्रीवर हनुवटी टेकवून. लिहायचं मी. "तुमचं शुद्धलेखन चांगलं," असं सर म्हणाले होते, आणि तो टोला मी मुकाट्याने घेतला. लाल शाई घरी ठेवून यायची अशी अट होती. एक शब्द विचारला की माई तीन गोष्टी सांगे. जेवलात का असं न विचारता 'भात खाल्ला का' असं का विचारायचं, अगदी पोळी खाल्ली असली तरी. थंडी 'पडत' नाही, 'धरते'. एखाद्या दिवशी तिला काहीच आठवायचं नाही, मग ती पदराशी चाळा करत म्हणे, "आज मन खराब आहे गं." मी आता पेन खाली ठेवून हसत नव्हते. ते वाक्य लिहून घेत होते.

एकदा मी माईला विचारलं, त्या गणपतीच्या कार्यक्रमात तुम्हाला काही ऐकू आलं होतं का. ती म्हणाली, "शब्द नाही आला. पण घरी येताना हा ट्रॅममध्ये एकदम गप्प. मी ओळखलं, याला कुणाचा तरी अभिमान आला." मी सरांकडे पाहिलं. ते छत्रीच्या टोकाने फरशीवर रेघा काढत होते. रुसवा आपल्या माणसावरच येतो, हे लक्षात यायला मला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला.

अक्षरवारीने लिहीत होतो. 'च'वर आलो तेव्हा मी 'चेष्टा' लिहायला घेतला, तर सरांनी हात पुढे करून थांबवलं. "तो राहू द्या. अर्धा पान सोडा. तो मी लिहीन." पुढे पुष्कळदा पानं उलटताना मी पाही, जागा कोरीच. विचारलं की म्हणत, "घाई काय आहे? पुढील चेष्टा."

पत्रकं पुन्हा मराठीत येऊ लागली होती. चौथा क्रमांक परत आला होता. 'चालू आहे.'

'ह' संपला त्याच महिन्यात माझी नाशिकला बदली झाली. स्टेशनवर सर आणि घोषबाबू सोडायला आले. गाडी हलताना सर म्हणाले, "काल फोन करतो." आणि दुसऱ्या दिवशी केला.

वर्षभराने हिवाळ्यात मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर घोषबाबूंचा निरोप आला. चार दिवसांचा ताप, न्यूमोनिया, सर गेले. मी रजा टाकून कोलकात्याला गेले. दुसरा रविवार होता. बाहेरच्या खोलीत घोषबाबू, फेऱ्यांना येणारे एक गृहस्थ आणि मी. खुंटीला छत्री. काय करावं ते कुणालाच सुचेना. भिंतीवरचं घड्याळ दहाला आलं, तेव्हा घोषबाबू उठले, आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाले, "माई, सभा चालू करतो."

आतून आवाज आला, "कर बापडा."

चौघं झालो. मी वृत्तान्ताची वही ओढली आणि लिहिलं, 'माई आतून हजर.' पुढे अक्षर दिसेना.

सभा संपल्यावर माईने मला आत बोलावलं. उशीखालून शब्दांची वही काढली. "त्यानं सांगितलं होतं, बँकेच्या बाईला दे. छापायचं ती बघेल." मग माझा हात धरून म्हणाली, "खूप चेष्टा केली गं त्यानं. जन्मभर केली."

"हो माई," मी म्हटलं. "खूप केली."

मी 'च'चं पान काढलं. माझ्या वळणदार अक्षराच्या मधोमध त्यांचं तिरकं, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर होतं.

'चेष्टा : प्रयत्न, खटपट, एखाद्यासाठी झटणे. महाराष्ट्रात : थट्टा. उदाहरण : बँकेच्या बाईंनी माझी चेष्टा केली. (दोन्ही अर्थ बरोबर.)'

वही आता माझ्याकडे नाशिकला आहे. टाइप करून 'म'पर्यंत आले आहे. एकही भिंत सरळ केलेली नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहाला घोषबाबू फोन लावून तो पलंगाशी धरतात, आणि वृत्तान्तात मी 'नाशिकहून हजर' असते.

परवा आमच्या इमारतीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, गच्चीच्या गळतीचं महापालिकेत जाऊन कोण विचारणार? सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू, मी चेष्टा करून बघते."

सगळी खोली हसली. समोरचे गृहस्थ हसू आवरत म्हणाले, "अहो, महापालिकेची चेष्टा कसली करताय? प्रयत्न म्हणायचंय ना तुम्हाला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. पिशवी उचलली आणि म्हटलं, "आमच्याकडे असंच म्हणतात."